दुसरा बाण

संकटे एकटी येत नाहीत, जोडीदारांना घेऊन येतात, असे जुनी माणसे म्हणत. गेल्या वर्षावासात एका शनिवार-रविवारी आम्हाला त्याचा पुरेपूर अनुभव आला.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीत दर रविवारी एकेका घरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या रविवारी आमची पाळी होती. खिरीसाठी दूध सांगून ठेवले होते. शनिवारी पहाटे पाण्याची मोटार जळाली. दहा वाजता सिलिंडर संपला. दुपारी धाकटा शाळेतून आला तो तापाने फणफणतच. आणि चारच्या सुमारास न्हाणीच्या उंबऱ्याशी आई घसरून पडली. पाय हलवता येईना.

आणि आम्ही काय केले? सौ.वर ओरडलो! “सिलिंडर आधी का नोंदवला नाही? न्हाणीपुढची फरशी कोरडी ठेवायला नको?” ती रडू लागली, पोरगे घाबरले. तेव्हा वेदनेने कळवळणारी आईच म्हणाली, “अरे, भांडून माझं हाड सांधणार आहे का?”

आम्ही खजील झालो.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया करावी लागेल, रक्ताची सोय करा, असे डॉक्टरांनी सांगितले. मग सौ.ने लाज बाजूला ठेवून शेजारी निरोप दिला. विहारातील दोन तरुण रात्रीच रक्त द्यायला आले. शेजारच्या ताईंनी मुलाला आपल्या घरी नेले आणि रात्रभर त्याचा ताप पाहिला. रविवारचे वाचनही चुकले नाही. ते त्याच ताईंच्या घरी झाले, खीरही तिथेच शिजली.

वाचकहो, संयुत्त निकायात ‘सल्ल सुत्त’ आहे. सल्ल म्हणजे बाण. तथागत तिथे सांगतात, अजाण माणसाला दुःख झाले की तो शोक करतो, ऊर बडवून घेतो. एक बाण लागलेला असताना दुसराही लागावा, तशी त्याची गत होते. शरीराची वेदना शहाण्यालाही होते. पण मनाचा दुसरा बाण तो लागू देत नाही. आईचे पडणे हा पहिला बाण होता. दुसरा मात्र आम्ही आमच्याच हाताने मारला, आणि तोही सौ.ला!

बाबासाहेबांचे जीवन आठवा. चार अपत्ये त्यांनी आणि रमाईंनी गमावली. त्यांतला लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. बाबासाहेब खचले नव्हते असे नाही. पण पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दुःख पोटात ठेवून त्यांनी समोरचे काम केले.

आपल्या घरी अशी वेळ आली तर आधी माणूस पाहा, वस्तू नंतर. पाहुणे, स्वयंपाक, पाणी हे सारे थांबू शकते. वृद्ध माणूस पडले तर ओढून उभे करू नका. पाय न हलवता झोपवून ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड एकाच पिशवीत ठेवा. आम्ही ती कागदपत्रे शोधण्यात अर्धा तास घालवला! आणि चूक कोणाची, हा प्रश्न निदान त्या दोन दिवसांत कोणी कोणाला विचारू नये.

आई आता वॉकर धरून विहारापर्यंत जाते. न्हाणीच्या उंबऱ्याशी आम्ही खरखरीत फरशी बसवली आहे. सौ.ची माफी मागायला मात्र आम्हाला चार दिवस लागले. ती त्याच रात्री मागायला हवी होती.

जयभीम!