सत्तर अक्षरांत भुतांची गोष्ट

'पॅक-मॅन' हा खेळ तुम्ही खेळला असाल किंवा निदान पाहिला तरी असेल. जपानमध्ये १९८० साली तो तयार झाला. चक्रव्यूहात एक पिवळा गोल ठिपके खात पळतो आणि चार रंगीत भुते त्याच्या मागे लागतात. बस्स, एवढीच गोष्ट!

समजा, या मंडळींच्या हाती मोबाईल फोन आले, तर ती एकमेकांना कसे निरोप धाडतील?

लाल भूत : "मी थेट तुझ्या मागे. वळलास तर मीही वळेन!"

गुलाबी भूत : "मागे नको पाहूस. मी तुझ्या पुढे ४ घरांवर वाट अडवतोय."

निळे भूत : "लाल्या, तू कुठे आहेस? कळव, त्याशिवाय माझे गणित सुटत नाही."

नारिंगी भूत : "तुझ्यापासून ८ घरे दूर आहे तोवर पाठलाग, जवळ आलो की कोपऱ्यात!"

पॅक-मॅन : "मोठा ठिपका खाल्ला. आता पळा!"

लाल भूत : "घरी निघालो. नुसते डोळेच उरलेत!"

हसलात ना? पण हे निरोप निव्वळ थापा नाहीत. खेळाच्या आज्ञावलीत प्रत्येक भुताला खरोखरच असा एकेक साधा नियम दिलेला आहे. भुतांना बुद्धी नाही. पण चार वेगळे नियम एकत्र आले, की चौघांनी कट करून आपल्याला घेरले असे वाटते.

आता निरोपांकडे वळू. मोबाईलवर पहिला लिखित निरोप ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. नाताळच्या शुभेच्छांचा तो निरोप होता. अशा एका निरोपासाठी १,१२० बिट जागा ठरलेली असते. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक. रोमन लिपीच्या एका अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० ला ७ ने भागा, उत्तर १६०. म्हणून इंग्रजी निरोपात १६० अक्षरे मावतात.

देवनागरीचे काय? ७ बिटांतून १२८ च खुणा तयार होतात आणि त्यांत आपली अक्षरे नाहीत. म्हणून प्रत्येक खुणेला १६ बिट द्यावे लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे फक्त ७०! शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी मोजणी होते. 'पळा' म्हणजे प, ळ आणि काना अशा तीन खुणा. 'क्ष' सुद्धा क, हलन्त आणि ष मिळून तीन! निरोप लांबला, की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडू शकतात. मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय अनेकांना लागली, तिचे हे एक कारण. इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपांना मात्र हे ७० चे बंधन नाही.

बिटांची मर्यादा पॅक-मॅनलाही चुकली नाही. त्याच्या फेऱ्या मोजायला ८ बिटच ठेवले होते. त्यांत २५५ पर्यंतचेच आकडे बसतात. २५६ व्या फेरीत हिशेब चुकतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो.

वरच्या लाल भुताच्या पहिल्या निरोपात ३९ खुणा आहेत. मोकळ्या जागा व विरामचिन्हेही धरून मोजून पाहा बरे! मग तुमच्या आवडत्या खेळाची गोष्ट ७० खुणांत बसवा. जमेल ना?