भिंतीवरचा कागद आणि पाण्याची वाट

आपल्याकडे भिंत जुनी झाली म्हणजे तिचे पोपडे खरवडावेत, भेगांत लांबी भरावी आणि वर चुन्याचे दोन हात देऊन दिवाळीला सामोरे जावे, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असल्यामुळे, भिंतीला कागदाचे वस्त्र नेसवावे आणि ते मळले म्हणजे त्याच्यावरच दुसरे चढवावे, ही विलायतेतील रीत आपल्या माणसाच्या सहजासहजी अंगवळणी पडत नाही. माझा भाचा नोकरीनिमित्त मँचेस्टरला गेला, तेथे रमला आणि अखेरीस लाल विटांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले शंभराहून अधिक वर्षांचे एक घर त्याने खरेदी केले, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतींवर असा किती पिढ्यांचा पोशाख चढलेला आहे याची त्याला कल्पना नव्हती. त्याच सुमारास मी त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेलो होतो. “मामा, दोन तासांचे काम आहे,” असे म्हणून एका शनिवारी सकाळी तो दुकानातून आणलेले चकचकीत पाते घेऊन भिंतीशी भिडला. आणि दोन तासांनी पाहतो तो तळहाताएवढा कागद निघालेला, गिलाव्याला तीन खड्डे पडलेले आणि भाच्याच्या बोटाला चिंधी बांधलेली.

हत्यार चांगले होते. ते फार लवकर हाती घेतले गेले, हा मुख्य कसूर. भिंतीवरचा कागद उतरविण्याच्या कामी जी जी हत्यारे लागतात, ती सारी पाण्याची चाकर आहेत असे म्हटले तर वावगे होणार नाही. काही पाण्याला आत शिरण्याची वाट करून देतात, काही त्याला भिंतीवर थोपवून धरतात, आणि पाते सर्वांच्या शेवटी, पाण्याने सोडविलेले तेवढे उचलून घेण्यापुरते येते. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याच्या नशिबी खड्डे ठरलेलेच.

असे का, हे समजण्यासाठी कागद भिंतीला कशाच्या बळावर बिलगून राहतो ते पाहिले पाहिजे. जुन्या काळी हे काम गव्हाच्या पिठाची खळ करीत असे. पतंगाला, वहीच्या पुठ्ठ्याला, भिंतीवरच्या जाहिरातीला आपल्याकडे जी लागते, तीच ही. आपले बाइंडर तिला कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकतात, तर तिकडचे कारागीर तुरटी घालीत. पुढे विसाव्या शतकात वनस्पतींच्या तंतूंपासून बनविलेली मिथाइल सेल्युलोजची पांढरी भुकटी आली आणि चुलीवर खळ शिजविण्याचा खटाटोप संपला. परंतु या दोहोंचा मूळ स्वभाव एकच आहे: वाळली म्हणजे धरते, भिजली म्हणजे सोडते. खळीतील पिष्टाचे कण शिजताना फुगतात, आणि सुकताना एका बाजूने कागदाच्या तंतूंना व दुसऱ्या बाजूने गिलाव्याच्या खरखरीत अंगाला घट्ट कवटाळून बसतात. त्यांना पुन्हा पाणी मिळाले की ते पुन्हा फुगतात आणि मिठी सैल होते. कागद चिकटविणाऱ्याने तो पुढे कोणाला तरी उतरविता यावा याची तजवीज, जाणता वा अजाणता, खळीतच करून ठेवलेली असते.

हे तत्त्व मी प्रथम पाहिले ते पुण्यात, एका वृद्ध बाइंडरच्या दुकानात. जुन्या ग्रंथाची शिवण उसवावयाची, तर पाठीवरचा दगडासारखा कडक झालेला सरस आधी काढणे भाग असे. हा मनुष्य सुरीला हात न लावता त्या पाठीवर ताज्या खळीचा जाडसर थर लिंपी आणि चहा प्यायला निघून जाई. परत येईपर्यंत खळीतल्या ओलाव्याने सरस मऊ पडलेला असे आणि बोथट पट्टीनेही तो सायीसारखा निघून येई. मँचेस्टरच्या त्या दिवाणखान्यात मला या गृहस्थाची आठवण झाली, आणि भाच्याच्या हातून पाते काढून घेऊन मी बादली मागितली.

बादली, मोठा स्पंज किंवा रुंद ब्रश, आणि झाडांवर फवारा मारण्याचा हातपंप असल्यास तो, ही या कामातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची हत्यारे होत. पाणी कोमट असावे; कढत पाण्याचा अट्टहास नको, कारण मिथाइल सेल्युलोज ही वस्तू थंड पाण्यात विरघळणारी आणि तापविल्यास उलट थिजणारी, अशी काहीशी विपरीत प्रकृतीची आहे. त्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकावेत म्हणजे ते कागदावरून ओघळण्याऐवजी त्यात जिरते. जुन्या रंगाऱ्यांची आणखी एक युक्ती आहे: त्या बादलीत मूठभर खळच कालवावयाची. पाणी किंचित दाट झाले म्हणजे उभ्या भिंतीवरही थांबून राहते. खळीने खळ सोडविण्याचा हा काट्याने काटा काढण्याचाच प्रकार. हे सर्व करण्यापूर्वी खोलीचा वीजप्रवाह मुख्य बटणापासून बंद करावा आणि जमिनीवर जुन्या चादरी अंथराव्यात, हे वेगळे सांगावयास नको. तिकडचा कागदाचा पट्टा सुमारे ५२ सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा एका वेळी दोन-तीन पट्टे भिजवावेत, पहिला पट्टा सुकू लागण्यापूर्वी पुन्हा भिजवावा आणि पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. ही पंधरा मिनिटे वाया जातात असे ज्याला वाटते, तो पुढे पंधरा तास खर्च करतो.

आमच्या बाबतीत मात्र बादलीही पहिल्या झटक्यात कामी आली नाही, आणि त्याचे कारण सर्वांत वरचा थर. ब्रिटनमध्ये १९६० ते १९८० या काळात लाकडाचा भुसा व बारीक ढलप्या दाबून बसविलेला एक खडबडीत कागद घरोघर लोकप्रिय झाला होता. वुडचिप त्याचे नाव. त्याचा जनक ह्यूगो एरफर्ट हा जर्मनीतील औषधविक्रेता, आणि त्याने तो १८६४ मध्ये तयार केला तेव्हा त्याचा पहिला उपयोग दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविण्याकडे झाला. पुढे तो भिंतींवर गेला, कारण ओबडधोबड गिलाव्याचे सारे दोष तो पोटात घालतो आणि त्यावर वाटेल तितक्या वेळा रंग देता येतो. येथेच घोडे अडते. रंगाचे चार-पाच हात बसले की कागदाची छिद्रे बुजतात, आणि मग त्यावर कितीही बादल्या रित्या केल्या तरी ते पालथ्या घड्यावर पाणीच ठरते. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या व्हिनाइल कागदाचेही तसेच. फरक इतकाच की त्याचा वरचा पापुद्रा कोपऱ्यात नखाने सुटा करून भिंतीलगत सावकाश खाली ओढला तर पुष्कळदा कोरडाच सोलून निघतो, आणि मागे राहिलेला साधा कागद पाण्याला सहज वश होतो.

रंगविलेल्या कागदासाठी जे हत्यार निघाले आहे त्याला अमेरिकेत ‘पेपर टायगर’, म्हणजे कागदी वाघ, या नावाने विकतात. प्रत्यक्षात ती तळहातात मावणारी एक पालथी वाटी असून तिच्या पोटाखाली बारीक दातांची चक्रे बसविलेली असतात. ती भिंतीवर दाबून, पोळीचे पीठ मळताना हात फिरतो तशी गोल गोल फिरविली म्हणजे कागदाला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात आणि पाण्याची वाट मोकळी होते. जोर मात्र बेताचा लावावा. दात कागदापुरतेच गेले पाहिजेत. गिलाव्यात गेले तर प्रत्येक छिद्र पुढे भरीत बसावे लागते. अमेरिकेतील पुष्कळ घरांच्या आतल्या भिंती तर जिप्समच्या फळ्यांच्या असतात आणि त्या फळीचे तोंडही कागदाचेच असते. तेथे या वाघाला मोकळे सोडले तर तो सजावटीच्या कागदाबरोबर भिंतीचा कागदही फाडून ठेवतो.

एवढे झाल्यावर पात्याची पाळी येते. रंगाऱ्याच्या दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि नवखा मनुष्य तेथेच फसतो. एकीचे पाते पातळ व लवचिक असते. ती लांबी भरण्यासाठी. दुसरीचे पाते जाड, ताठ आणि तीन-चार इंच रुंद असते, ती खरवडण्यासाठी. भाच्याने आणलेली पट्टी होती या दुसऱ्या जातीचीच, पण तिचे दोन्ही कोपरे सुईसारखे टोकदार होते आणि गिलाव्यातले ते तीन खड्डे त्या कोपऱ्यांचेच कर्तृत्व होते. जाणता कारागीर नवी पट्टी विकत आणल्याबरोबर कानशीने तिचे कोपरे किंचित गोल करून घेतो. पट्टी धरण्याची रीतही आपल्या घरातल्या बायकांना शिकवावी लागणार नाही: धिरडे तव्यावरून सोडविताना उलथने जसे जवळजवळ आडवे धरून, घाई न करता खाली सरकविले जाते, तसेच हे पाते भिंतीला लागून आडवे ठेवून कागदाच्या खाली सारावे. उभे धरले की ते खणू लागते. जेथे अडेल तेथे जोर करू नये, पुन्हा पाणी लावावे. धिरडे तव्याला चिकटले असता आपण आच कमी करून थोडे थांबतो, तव्यावर घाव घालीत नाही.

जेथे पाण्याची मात्रा चालत नाही तेथे वाफेचा इलाज करतात. विजेवर पाणी उकळणारी एक टाकी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला हाताने धरावयाची चपटी थाळी, एवढीच त्या यंत्राची मांडणी. थाळी एका जागी अर्धा मिनिट धरली की उष्ण वाफ कागदाच्या आत शिरून खळ सोडविते. तथापि जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा आतून पोकळ झालेला असल्यास थाळी जास्त वेळ धरल्याने तो कागदासकट ढासळतो. म्हणून आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहावी आणि पोकळ नाद आला तेथे बादलीवरच भागवावे.

पाण्याने हे काम करण्यात आणखी एक शहाणपण आहे. १७७५ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले याने तांबे आणि सोमल यांच्या योगाने एक हिरवा रंग बनविला. त्याचा आणि पुढे निघालेल्या त्याच जातीच्या अधिक चमकदार हिरव्याचा एकोणिसाव्या शतकातील कागदांवर सर्रास उपयोग झाला. जुन्या रंगांत शिसेही असे. असे थर कोरडे घासले तर विषारी धूळ उडून श्वासावाटे शरीरात जाते, ओले ठेवले तर ती कागदाबरोबर गोळा होऊन पिशवीत पडते. फार जुन्या घरात कोरड्या पॉलिश पेपरने भिंत घासण्याचा मोह म्हणूनच टाळावा, आणि संशय असेल तेथे जाणकाराकडून तपासणी करवून घ्यावी.

आमच्या भिंतीवर वुडचिपखाली एक फुलांचा कागद निघाला, त्याखाली पट्ट्यांचा, त्याखाली तपकिरी. मँचेस्टरच्या साध्या घरात इतके थर साठावेत यालाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये भिंतीच्या छापील कागदावर १७१२ पासून १८३६ पर्यंत सरकारी कर होता, आणि छपाईही लाकडी ठशांनी, हातानेच होत असे. पुढे १८३९ मध्ये याच परगण्यातल्या, लँकेशायरमधील डार्वेन गावी, सुती कापड छापण्याच्या रुळांवरून बेतलेल्या यंत्रावर कागद छापला जाऊ लागला आणि जे वैभव सरदारांच्या वाड्यांत होते ते गिरणी-कामगारांच्या खोल्यांत पोहोचले. आज त्याच मँचेस्टरमध्ये व्हिटवर्थ या कलासंग्रहालयात अशा जुन्या कागदांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात तर १९११ मध्ये तुळयांवर चिकटविलेला एक कागद सापडला, आणि उलटून पाहता त्याच्या पाठीवर आठव्या हेन्रीच्या काळचे, १५०९ चे छापील फर्मान निघाले. राजाचा हुकूम रद्दी झाला आणि सजावट म्हणून चारशे वर्षे टिकला.

ज्या हत्यारांनी कागद टाकून दिला जातो त्यांनीच तो वाचविताही येतो, याचा सर्वांत नामांकित दाखला अमेरिकेत आहे. फ्रान्समधील झ्यूबर या कारखान्याने १८३४ मध्ये दीड हजारांहून अधिक लाकडी ठसे वापरून ‘उत्तर अमेरिकेची दृश्ये’ नावाचा एक अवाढव्य चित्रमय कागद छापला. मेरीलँड संस्थानातल्या थर्माँट गावी एका जुन्या घरात तो लावलेला होता आणि ते घर पाडले जाणार होते. तो भिंतीवरून हाताने सोडवून घेण्यात आला आणि १९६१ मध्ये, केनेडी यांच्या कारकीर्दीत, व्हाइट हाउसमधील परराष्ट्र पाहुण्यांच्या स्वागताच्या लंबगोल दालनात पुन्हा बसविण्यात आला. तो आजही तेथे आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खळीने सोडण्याचा आपला स्वभाव सोडला असता, तर त्या चित्रांचा मुक्काम घराच्या ढिगाऱ्याखालीच झाला असता.

आमच्या दिवाणखान्यात असे काही अमोल निघाले नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात आली. सर्वांत वरचा, सर्वांत अलीकडचा थर उतरविण्यास आम्हांला अख्खा शनिवार लागला. सर्वांत खालचा, त्या घराच्या पहिल्या मालकाने कदाचित पाहिलेला तपकिरी कागद, दोन वेळा भिजविताच आपल्या भाराने वाकून खाली आला, आणि खोलीत भिजविलेल्या कणकेचा वास पसरला. रविवारी दुपारी भाच्याने स्वच्छ पाण्याने भिंत पुसली. ती स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. मी त्याला ओला तळहात भिंतीवरून फिरवावयास सांगितले. तो गुळगुळीत घसरला, म्हणजे खळ अद्याप शिल्लक होती. त्याने पुन्हा पुसली, पुन्हा हात फिरविला. तिसऱ्या खेपेस तळहात गिलाव्यावर खरखरत अडला, आणि आम्ही बादली रिती केली.