एका गाठीत मावणारं औषध

रुईची एक गाठ १७० किलोची. खामगावच्या बाजारात हे कुणाला सांगावं लागत नाही. ती गाठ डोळ्यांपुढे ठेवा.

२०११ च्या जनगणनेत खामगावच्या या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यातले प्रौढ ढोबळमानाने १७ लाख धरू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे २.७ जणांना नैराश्याचा आजार आढळला होता. देशाचं हे प्रमाण इथे लावलं, तर आकडा ४६ हजारांच्या घरात जातो.

नैराश्यासाठी ओपीडीत सर्रास लिहून दिली जाणारी गोळी म्हणजे एस्सिटालोप्राम. १० मिलिग्रॅम, दिवसाला एक. गोळीतलं मूळ औषध मोजलं तर एका माणसाला वर्षाला ३.६५ ग्रॅम लागतं, चहात घालतो त्या चमचाभर साखरेहून कमी. ४६ हजार माणसांचं वर्षाचं औषध १६८ किलो. अख्ख्या जिल्ह्याचं औषध एका गाठीएवढं!

पण त्याच सर्वेक्षणात नैराश्याचे शंभरातले ८५ रुग्ण उपचाराविना होते. म्हणजे या गाठीतलं जेमतेम २५ किलो पोटात जातं. जे गोळी सुरू करतात, त्यांचीही पहिल्याच आठवड्यात परीक्षा असते. मळमळ लगेच होते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘लागू पडत नाही’ म्हणून पाकीट फडताळात जातं, ते तिथेच राहतं.

लिथियमचा हिशेब निराळा. कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी, अशा बायपोलर आजारावर ते देतात. ३०० मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्या धरल्या, तर वर्षाला ३२८ ग्रॅम, म्हणजे एस्सिटालोप्रामच्या नव्वदपट. एवढं पोटात जाऊनही रक्तात लिटरमागे सुमारे पाच-सहा मिलिग्रॅमच लिथियम असावं लागतं. त्याच्या दुप्पट झालं की विषबाधेचा धोका. वैशाखात रानात घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतली, तरी हे प्रमाण वाढतं. म्हणून लिथियमच्या चिठ्ठीसोबत रक्ततपासणी हवीच, आणि तपासणीसाठी तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

मन आजारी म्हणून सैलानीच्या दर्ग्याला नेलेल्या माणसालाही गोळी घेता येते. दुवा आणि दवा एकमेकींच्या आड येत नाहीत.

घरात कुणाचं मन आजारी असेल, तर १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानसची ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते. आणि सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.