घुमटाखालचे मजले

रिगल सिनेमाकडून काळा घोड्याच्या दिशेने चालू लागलं, की उजव्या हाताला आधी म्युझियमचा मोठा घुमट आणि पुढे जहांगीर आर्ट गॅलरी लागते. तिथे गर्दी असते. डाव्या हाताच्या कोपऱ्यावरची गोलसर दर्शनी भागाची दगडी इमारत मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तीही जहांगीर घराण्याच्याच देणगीतली. सर कावसजी जहांगीर हॉल, जुन्या मुंबईकरांच्या तोंडी नुसता ‘सी. जे. हॉल’. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए आहे.

हॉल 1911 च्या सुमाराचा. आराखडा जॉर्ज विटेटचा. समोरचं म्युझियम आणि गेटवे ऑफ इंडियाही त्याचेच. ज्या काळात शहराला मोठं सभागृह हवं होतं, त्या काळात हा हॉल गाजला. राजकीय सभा झाल्या, मैफली झाल्या, येहुदी मेन्युहिन यांचं व्हायोलिनही इथे वाजलं. पुढे वातानुकूलित सभागृहं आली आणि याचे दिवस फिरले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नं, चामड्याच्या वस्तूंचे सेल, जो भाडं देईल त्याचा हॉल! याला अवकळा म्हणायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. सार्वजनिक म्हणून बांधलेल्या जागेत कामगारांनी सभा घेतली, यात वास्तूचा काय अपमान?

पण इमारत खंगत होती हे खरं. ती आधुनिक कलेच्या संग्रहालयाला मिळावी, यासाठी चित्रकार-शिल्पकारांनी मोहीम चालवली. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरी केमोल्डचे केकू गांधी त्यात पुढे होते. रूपांतर रेंगाळलं, सुमारे 12 वर्षं. संग्रहालय उघडलं 1996 च्या डिसेंबरात. पोचखानवाला 1986 मध्येच गेल्या होत्या.

वास्तुविशारद रोमी खोसला यांच्यापुढचा पेच सोपा नव्हता. सभागृह म्हणजे मुळात पोकळी: एकच उंच दालन, मधे काही नाही. चित्रांना मात्र भिंती लागतात. बाहेरचं रूप जपायचं आणि आत भिंती वाढवायच्या, तर एकच वाट उरते: आत मजले चढवायचे. खोसलांनी तेच केलं. एकावर एक अर्धगोलाकार दालनं, त्यांना जोडणारा जिना, आणि सगळ्यांत वर घुमटाखालचं दालन. जुन्या कवचात नवी इमारत बसवली, असं म्हटलं तरी चालेल.

यात काही गमावलंही. दारातून आत शिरताच सगळा हॉल एका नजरेत भरायचा, तो अनुभव गेला. वाकलेल्या भिंतीवर मोठं सपाट चित्र टांगणं ही मांडणी करणाऱ्यांची कायमची कसोटी. पण जिना चढताना खालच्या मजल्यावरचं चित्र वरून, भलत्याच कोनातून पुन्हा भेटतं. चौकोनी खोल्यांच्या संग्रहालयात ही चैन नाही.

पहिलं प्रदर्शन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं होतं, आणि ते योग्यच होतं. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांचा हा गट 1947 मध्ये मुंबईतच जमला होता. गाडे अमरावती जिल्ह्यातले, हुसेन पंढरपूरचे, सूझा गोव्याचे.

इमारत एकदा बदलून झाली, तरी ती कोणासाठी हा प्रश्न मिटत नाही. 8 फेब्रुवारी 2019 रोजी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिणारे चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या इथल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती का उरली नाही, बहुतेक मजले संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाला राखून बाहेरच्या प्रदर्शनांना घुमटाखालचं एकच दालन का, असं ते विचारू लागले. त्यांना मधेच अडवून प्रदर्शनापुरतं बोलायला सांगण्यात आलं. बातमी देशभर गेली. सभांसाठी बांधलेल्या वास्तूत भाषण तोडलं जावं, हे मला आजही खटकतं. कलाकारांच्या मोहिमेतून मिळालेल्या जागेच्या कारभारात कलाकारांना आवाज असलाच पाहिजे.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. इतर दिवशी काळा घोड्याला गेलात, तर रस्ता ओलांडून इथे जरूर जा, आणि जिना घुमटापर्यंत चढा.