न दुखणारी जखम

शेजारच्या घरची पूजा आटोपून आजोबा दारात येतात. नात विचारते, ‘‘आजोबा, तुमची एक चप्पल कुठंय?’’ आजोबा खाली पाहतात. चप्पल वाटेतच कुठेतरी निसटलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. घरात हशा पिकतो. पण आजोबांना पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायांचे मज्जातंतू निकामी होऊ लागतात. कुणाला आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात. कुणाला तेवढेही जाणवत नाही. मग खिळा टोचला, खडा रुतला, शेकाच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी हेच ओळखले होते. या रुग्णांची बोटे झिजतात, ती मुख्यतः वेदनेअभावी दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे! पुढे अमेरिकेत त्यांनी हाच धडा मधुमेहींच्या पायांनाही लागू केला. वेदना ही शरीराची पहारेकरी. मधुमेह तिलाच झोपवतो.

त्यात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर जखम भरत नाही. विडी-सिगारेट या संकटात भरच घालते. वाकडी झालेली बोटे, भोवऱ्या, मूत्रपिंडाचा विकार, अधू दृष्टी यांनीही धोका वाढतो. पूर्वी जखम चिघळली असेल किंवा एखादे बोट काढावे लागले असेल, तर फारच जपायला हवे. मधुमेहामुळे पाय गमावणाऱ्या बहुतेकांची सुरुवात एका साध्या व्रणाने झालेली असते. ‘दुखत नाही ना, मग होईल बरी,’ हे वाक्य फार महागात पडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे हा प्रश्न घरोघरीचा आहे. आणि आपण तर घरात, देवळात, शेतात अनवाणी वावरणारी माणसे!

उपाय मात्र साधे आहेत. रोज रात्री पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. नखे सरळ कापावीत, भोवरीला ब्लेड लावू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. घरातही चप्पल वापरावी. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना आणि नाडी तपासून घ्यावी. जखम, फोड किंवा काळा डाग दिसला, तर घरगुती लेप लावत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

सणावारी आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. वाकलोच आहोत, तर ते पाय एकदा नीट पाहूनही घेऊ या!