बाळ घरी येतंय, कुत्र्याची तयारी झाली का?

बाळंतपण माहेरी झालं की बाळ दीड-दोन महिन्यांनी घरी येतं. कुत्र्याला तो रडणारा जीव आणि त्याचा वास, दोन्ही अनोळखी. म्हणून बाळाचं वापरलेलं दुपटं आधीच घरी आणावं. कुत्र्याने ते शांतपणे हुंगलं की लगेच खाऊ द्यावा. बाळ आल्यावर कुत्र्याच्या फिरायच्या वेळा बदलणार असतील, तर त्याही आधीपासूनच बदलाव्यात.

गुरगुरल्याबद्दल मात्र त्याला कधीही मारू नये! गुरगुरणं हा इशारा असतो. तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावू शकतो. गुरगुरण्याआधीच्या खुणा बारीक असतात: सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, अंग ताठ होणं, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणं, तेव्हा बुबुळाशेजारचा पांढरा भाग ठळक दिसतो. अशा वेळी त्याला हळूच दूर न्यावं.

वागणं अचानक बदललं तर आधी पशुवैद्यांना दाखवा, मूळ एखाद्या दुखण्यातही असू शकतं. आणि कुत्रा कितीही गुणी असो, बाळाला त्याच्यासोबत एकटं सोडू नका.