विजेच्या मोटारीचा प्रपंच

मोटार विकत घेणें सोपें, सांभाळणें कठीण, असें आपले वडीलधारे लोक म्हणत आले आहेत. पेट्रोलच्या मोटारीच्या बाबतींत हा सांभाळ बहुतांशीं गॅरेजवाल्याच्या हातीं असे. मालकानें पेट्रोल भरावें, ठराविक काळानें तेल बदलून घ्यावें आणि बिल चुकतें करावें, एवढ्यांत त्याचें कर्तव्य संपे. विजेची मोटार दारांत आली म्हणजे हा क्रम बदलतो. गॅरेजकडे जाण्याचे प्रसंग कमी होतात हें खरें. परंतु त्यांच्या जागीं घरांतील मीटर, वायरी, प्लग आणि जमिनींत पुरलेली अर्थिंगची नळी ह्यांची काळजी गृहस्थाच्या अंगावर पडते. गेलीं दोन वर्षें औंधासारख्या लहान गांवीं राहून आम्ही अशी मोटार वापरीत आहों. ह्या काळांत जें अनुभवास आलें, तें नव्यानें मोटार घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगीं पडावें, ह्या हेतूनें येथें मांडीत आहों.

विजेची मोटार ही कांहीं आजची नवलाई नव्हे. १९०० सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या मोटारींपैकीं एक चतुर्थांशाहून अधिक मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. पुढें पेट्रोल स्वस्त झालें. १९१२ पासून हँडल न फिरवितां बटणानें एंजिन सुरू करण्याची सोय मोटारींत येऊं लागली. आणि जड बॅटरी वाहणारी विजेची मोटार मागें पडली. लिथियमच्या बॅटरीनें तिला पुन्हां चांगले दिवस दाखविले. नॉर्वेंत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींत जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. आपल्याकडे टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्यें विजेच्या रूपांत बाजारांत आली, आणि तेव्हांपासून पुण्यामुंबईबाहेरील मध्यम वर्गांतहि ह्या मोटारीचा विचार होऊं लागला.

परंतु पुण्यामुंबईचा हिशेब औंधास लागू पडत नाहीं. येथून सातारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर. रेल्वे गांठावयाची तर रहिमतपूर. मोठें रुग्णालय साताऱ्यास किंवा कऱ्हाडास. घरांत सत्तरी उलटलेलीं माणसें असलीं म्हणजे मोटार रात्रीं-अपरात्रीं निघण्यास सज्ज असावी लागते. तेव्हां आमच्यापुढें प्रश्न हौसेचा नव्हता, भरवशाचा होता.

पहिली अडचण पहिल्याच दिवशीं उभी राहिली. मोटारीबरोबर मिळालेली चार्जिंगची वायर भिंतींतील प्लगला लावली, तों तिच्यावरचा तांबडा दिवा लागला आणि मोटार वीज घेईना. त्याच प्लगवर रोज इस्त्री चालते. मग मोटारीलाच काय झालें? गांवच्या वायरमननें मीटर लावून पाहिलें तेव्हां उलगडा झाला. न्यूट्रल आणि अर्थ ह्यांच्यामधील दाब दोन-तीन व्होल्टांच्या आंत असावा, तो आमच्याकडे पुष्कळ अधिक निघाला. जुन्या घराला अर्थिंग होतें, पण नांवापुरतें. इस्त्रीला त्याचें सोयरसुतक नसतें. अर्थिंग नसलें तरी ती तापते आणि एखाद्या दिवशीं माणसाला झटका देते. मोटारीचा चार्जर मात्र आधीं अर्थिंग तपासतो, आणि तें समाधानकारक नसल्यास वीज घेण्याचेंच नाकारतो. जो दोष वर्षानुवर्षें घरांत लपून होता, तो मोटारीनें एका क्षणांत उघडा केला.

खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. उन्हाळ्यांत येथील जमीन भेगाळते, आणि कोरडी जमीन विजेला वाट देत नाहीं. म्हणून आम्हीं अंगणांत नवा खड्डा खणवून नळी पुरली, तिच्याभोंवतीं कोळसा आणि मीठ ह्यांचे थर घातले, व वर पाणी ओतण्यापुरतें तोंड मोकळें ठेवलें. पावसाळ्यांत त्याची आठवणहि होत नाहीं. परंतु फाल्गुनापासून मृगापर्यंत आठवड्यांतून दोनदां बादलीभर पाणी त्यांत ओतावेंच लागतें. आमच्या घरीं तुळशीला पाणी घालून झालें कीं त्या खड्ड्यालाहि पाणी घालण्याची आतां रीतच पडून गेली आहे.

दुसरी गोष्ट वायरींची. सोळा अँपिअरच्या प्लगवरून मोटार ताशीं सुमारें तीन-सव्वातीन युनिटें वीज घेते, आणि तीहि एखाद-दुसरा तास नव्हे, रिकामी बॅटरी भरावयाची तर सलग आठ-नऊ तास. इस्त्री मधून मधून बंद पडून विसावा घेते. मोटार विसावत नाहीं. अशा वेळीं वायर पातळ असली किंवा प्लग सैल बसला असला, तर तो तापून वितळूं लागतो. म्हणून मीटरपासून मोटारीपर्यंत चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्यावी; तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, व गळती होतांच वीज तोडणारी आरसीसीबी बसवावी. घराच्या जोडणीचा मंजूर भार कमी असेल तर अर्ज करून तो वाढवून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड ह्या कामीं कदापि वापरूं नये. पहिल्या महिन्यांत चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभरानें प्लगच्या कडेला हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागल्यास चिंता नाहीं. चटका बसल्यास वीज बंद करून वायरमनला बोलवावें. ह्या सर्व कामास मोटारीच्या किंमतीच्या मानानें फारच थोडा खर्च येतो. पण मोटार घेतांना हें फारसें कोणी सांगत नाहीं.

आतां रोजच्या वापराविषयीं. आमच्या मोटारीची बॅटरी २४ युनिटांची आहे. कागदावर ती एका चार्जिंगमध्यें तीनशेंच्या वर किलोमीटर जाते. प्रत्यक्षांत आमच्या रस्त्यांवर, थंड हवेचें यंत्र चालू ठेवून, १८० ते १९० किलोमीटर धरावेत. म्हणून पहिल्या आठवड्यांतच घरांत असा नियम ठरला कीं, सूर्यास्ताच्या वेळीं मोटारींत चाळीस टक्क्यांहून कमी वीज असूं नये. नियम कोणास थोडा जाचक वाटेल. परंतु त्याचा उपयोग गेल्या वैशाखांत दिसून आला. वळवाच्या पावसानें संध्याकाळींच वीज गेली होती. रात्रीं साडेअकराच्या सुमारास मातोश्रींच्या छातींत दुखूं लागलें. मोटारींत ४५ टक्के वीज होती. साताऱ्यास रुग्णालयाच्या दारांत पोंचलों तेव्हां २३ टक्के उरली होती. मातोश्री चार दिवसांत घरीं आल्या. गांवांत त्या रात्रीं वीज पहांटे आली. मोटार रिकामी असती तर ती येईपर्यंत वाट पाहण्यावांचून उपाय नव्हता. औंधाचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार करतांना नित्यनेमावरच भर दिला होता. यंत्राच्या बाबतींतहि नेमाचें मोल असेंच, प्रसंग आल्यावर कळतें.

मोटार चालविण्यांतहि कांहीं नवे धडे आहेत. उतारावर पाय उचलला कीं तिची मोटर उलट काम करूं लागते आणि थोडी वीज बॅटरींत परत जाते. त्यामुळें ब्रेक फार कमी झिजतात. यमाईच्या डोंगरावर चढतांना खर्च झालेल्या विजेपैकीं कांहीं वांटा उतरतांना परत मिळतो. पण बॅटरी अगदीं काठोकांठ भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवावयास जागाच नसते, आणि उतारावर मोटार नेहमीप्रमाणें आपोआप मंदावत नाहीं. नवख्यानें हें ध्यानांत ठेवावें. तसेंच ह्या मोटारीला आवाज नाहीं. पौषांत यमाईच्या यात्रेच्या गर्दींत, किंवा बोळांत खेळणाऱ्या मुलांमागें, ती आल्याचें कोणास कळत नाहीं. तेव्हां सावधपणाची जबाबदारी सर्वस्वीं चालविणाऱ्यावर येते.

पुण्याचा प्रवास म्हणजे निराळा विचार. महामार्गावर भोजनगृहांच्या आवारांत जलद चार्जर आहेत. तेथें बॅटरी ऐंशीं टक्क्यांपर्यंत भरण्यास साधारण एक तास लागतो. पुढचे वीस टक्के फार सावकाश भरतात, म्हणून त्यांच्यासाठीं थांबूं नये. प्रत्येक कंपनीचें ॲप वेगळें, पैसे भरण्याची रीत वेगळी. एकदां फोनवर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षांत बंद निघाला, आणि दुसऱ्या ठिकाणीं दोन मोटारी आधींच रांगेंत होत्या. तेव्हांपासून एका चार्जरच्या भरवशावर आम्ही निघत नाहीं. त्याच्या पलीकडच्या चार्जरपर्यंत पुरेल एवढी वीज हातीं राखतों.

दुरुस्तीविषयीं लोकांच्या मनांत दोन टोकांच्या समजुती आहेत. कोणी म्हणतात, हिला दुरुस्तीच नाहीं. कोणी म्हणतात, बिघडली कीं संपली. दोन्ही खऱ्या नव्हेत. एंजिनचें तेल, प्लग, क्लच ह्यांचा खर्च नाहीं. परंतु टायर, ब्रेकचें तेल, बॅटरी थंड ठेवणारा द्रव, हवेची जाळी, वायपर हें सर्व पाहावेंच लागतें. मोठ्या बॅटरीशिवाय हिच्यांत जुन्या पद्धतीची बारा व्होल्टची लहान बॅटरीहि असते, आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनहि मोटार जागी होत नाहीं. दिवाळींत तीन आठवडे परगांवीं राहून परत आलों तों हाच प्रकार झाला. गांवांतील गॅरेजवाल्यानें आपली बॅटरी व दोन वायरी आणून दहा मिनिटांत काम केलें. सुगीनंतर शेतांतले उंदीर घराकडे वळतात आणि बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात; त्या दिवसांत बॉनेट रोज उघडून पाहावें. नारिंगी रंगाच्या वायरींना मात्र कोणींहि हात लावूं नये. त्यांत प्राणघातक दाबाची वीज असते.

खरी अडचण झाली ती दुसऱ्या वर्षीं. रहिमतपूरच्या रस्त्यावर सूचना दाखवून मोटार थांबली. विजेची मोटार चाकें रस्त्यावर ठेवून ओढून नेऊं नये, कारण चाकांबरोबर मोटर फिरून वीज उत्पन्न होते. ती सपाट गाडीवर चढवूनच न्यावी लागते. अशी गाडी येण्यास पांच तास लागले, आणि एका लहानशा भागासाठीं मोटार नऊ दिवस दुरुस्ती केंद्रांत पडून राहिली. भाग हमींत बदलून मिळाला, पैसे पडले नाहींत. परंतु नऊ दिवस घरांत मोटार नव्हती, आणि त्या दिवसांची भरपाई कोणत्याहि हमींत नसते. बॅटरीवर सामान्यतः आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर हमी मिळते. ती घेतांना जवळचें केंद्र किती दूर आहे हेंहि विचारावें.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. २४ युनिटें भरावयास चार्जिंगमधील तूट धरून सुमारें २७ युनिटें लागतात. युनिटास १० रुपये धरल्यास १८० किलोमीटरला २७० रुपये, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. परंतु घरगुती दर टप्प्यांचा असतो. महिन्याला हजार किलोमीटर चालविल्यास दीडशें युनिटें वाढतात, आणि वाढीव युनिटें वरच्या टप्प्यांत जातात. तीं १८ रुपयांनीं पडलीं तर किलोमीटरला पावणेतीन रुपये होतात. पेट्रोलची मोटार लिटरला अठरा किलोमीटर देत असेल व पेट्रोल १०४ रुपये असेल, तर किलोमीटरला पावणेसहा रुपये पडतात. बचत आहेच, पण जाहिरातींत दिसते तेवढी नाहीं. घराच्या छपरावर सूर्यशक्तीचीं पत्रें बसविणाऱ्यास हा हिशेब अधिक मानवतो. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेंत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविलें आहे, आणि असा संच आपल्याकडील उन्हांत दिवसाला सुमारें बारा युनिटें देतो.

शेवटीं एक विचार गांवासाठीं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानांतील कुंडलजवळचा ओसाड माळ कारखान्यासाठीं दिला. तेथें लोखंडी नांगर झाले, तेथेंच आसपासच्या खेड्यांतलीं मुलें यंत्रकाम शिकलीं. आज तो भाग सांगली जिल्ह्यांत आहे. यंत्र गांवांत आलें, पण तें दुरुस्त करणारा हात गांवांत नसला, तर यंत्र आपलें होत नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्यें विजेच्या वाहनांचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला आहे. आमच्या शेजारचा गॅरेजवाला आज टायर आणि लहान बॅटरी पाहतो. त्याच्या मुलानें हा अभ्यासक्रम पुरा केला, तर नऊ दिवसांचें काम एका दिवसांत गांवींच होईल, आणि त्याचें दुकानहि चालू राहील.

अशी मोटार घ्यावी काय, असें आम्हांस पुष्कळजण विचारतात. आम्ही त्यांस उलट तीन प्रश्न विचारतों: घराचें अर्थिंग मीटर लावून तपासलें आहे काय? मोटार उभी करण्याच्या जागीं स्वतंत्र वायर नेतां येईल काय? आणि संध्याकाळचा नेम पाळणारें माणूस घरांत आहे काय? तिन्हींचें उत्तर होय असेल तर खुशाल घ्यावी. नसेल तर आधीं वायरमनला बोलवावें. मोटार न घेतली तरी तो खर्च वायां जाणार नाहीं.